सल्ला हवा : सोलापूरच्या मुरमाड वाटांवर एमटीबीच्या टायरात हवा किती ठेवावी?

मुरमाडवाट

नमस्कार मंडळी. दिवाळीपासून एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक, चालवायलोय. दर रविवारी पहाटे तुळजापूर रस्त्याने हिप्परग्यापर्यंत डांबर, तिथून तलावाच्या कडेच्या गाडीवाटा आणि मुरमाचे रस्ते, असा ३०-३२ किलोमीटरचा फेरा होतो.

सायकल हार्डटेल आहे, म्हणजे शॉकअप फक्त पुढे. चाक साडेसत्तावीस इंची, टायर २.१ इंची, आत ट्यूब. माझं वजन ७४ किलो. पाण्याच्या दोन बाटल्या, पाने धरून ७७ समजा. टायरच्या कडेला ३०-६५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) असं कोरलंय.

आमच्या गल्लीतले पंक्चरवाले ५५ भरून देतात. त्या हवेवर डांबरावर सायकल पळते छान, पण मुरमावर वळताना पुढचं चाक सरकतं, आणि तासाभरात तळहात बधिर होतात. म्हणून मागच्या रविवारी अंगठ्याने दाबत दाबत दोन्ही चाकांतली हवा सोडली. वीस मिनिटं इतकं सुख वाटलं की काय सांगू. वळणावर चाक जमीन धरून होतं. पुढे एका ओढ्यात उतरताना मागचं चाक दगडावर आपटलं आणि ट्यूब बसली. घरी येऊन पाहिलं तर शेजारी शेजारी दोन भोकं. चार किलोमीटर सायकल ढकलत डांबरापर्यंत आलो.

तर नेमका आकडा किती? पुढे-मागे वेगळी हवा ठेवायची का? आणि ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेला टायर) केल्याशिवाय हे सुटणारच नाही का?

हिप्परगाकाठ

दादा, शेजारी शेजारी दोन भोकं म्हणजे काटा नव्हे. चाक दगडावर आपटलं, टायर पूर्ण दबला आणि ट्यूब रिमच्या दोन कडा आणि दगड यांच्यामध्ये चिमटली. सापाने चावल्यासारख्या खुणा दिसतात. हवा कमी पडल्याचा याहून स्पष्ट पुरावा नाही. पण ५५ जास्त होती हेही तितकंच खरं. तुमचा आकडा या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहे, आणि तो तुम्हालाच शोधावा लागेल. तो कसा शोधायचा ते सांगते.

टायरवर कोरलेले आकडे म्हणजे मर्यादा आहेत, सल्ला नव्हे. ६५ च्या वर जायचं नाही, ३० च्या खाली जायचं नाही, एवढंच कंपनी सांगते. त्यातला कुठला आकडा तुमच्या वजनाला आणि वाटेला बसतो, हे कंपनीला माहीत असणं शक्य नाही.

तुमचं वजन, २.१ टायर आणि ट्यूब धरून मी सुरुवात पुढे ३३, मागे ३६ अशी करेन. मागे जास्त, कारण सीटवर बसलं की निम्म्याहून बराच जास्त भार मागच्या चाकावर येतो. पुढच्या चाकाचं काम वळणावर जमीन धरण्याचं, म्हणून तिथे दोन-तीन पीएसआय कमी.

आता एकच छोटा फेरा निवडा. दहा-पंधरा मिनिटांचा, ज्यात एक मुरमाचं वळण, थोडे दगड आणि एक चढ आहे. तोच फेरा पुन्हा पुन्हा मारा आणि दर वेळी दोन्ही चाकांतून दोन-दोन पीएसआय कमी करा. कान उघडे ठेवा. दगडावर रिमचा 'टक्' असा आवाज एकदा जरी आला, किंवा वळणावर टायर कडेला लोळतोय असं वाटलं, की दोन वाढवा आणि तिथेच थांबा. चढावर उभं राहून पायडल मारताना मागचं चाक जागच्या जागी फिरत असेल तर मागची अजून थोडी जास्त आहे. दर फेऱ्याला आकडा आणि काय वाटलं ते वहीत लिहा. मी हे दोन रविवार केलं आणि त्यानंतर वर्षभर मला कुणाला विचारावं लागलेलं नाही.

अंगठ्याने दाबून मात्र अजिबात ठरवू नका. ३० आणि २४ मधला फरक अंगठ्याला कळत नाही. दगडाला कळतो.

माझे आकडे विचाराल तर पुढे १८, मागे २०. ते उचलू नका! माझं वजन ५२ आहे, टायर सव्वादोन इंची आहे, कमी हवेला चालणारा आहे आणि ट्यूबलेस आहे.

जुळेसोलापूरकर

ताईंची पद्धत बरोबर आहे, पण एक गोष्ट राहिली. आपल्याकडे माळ घराच्या दारात नाही. वाट लागेपर्यंत दहा-पंधरा किलोमीटर डांबर तुडवावं लागतं. तिथे ३० वर सायकल चिखलात ओढल्यासारखी वाटते.

माझं वजन ९६. सव्वादोन इंची टायर, ट्यूब. घरून निघताना दोन्हीकडे ४५. वाट सुरू झाली की सायकल झाडाला टेकवून पुढे ३६, मागे ४० वर आणतो. हवा सोडायला मिनिट लागत नाही. भरायला मात्र हातपंपाने घाम निघतो, म्हणून परतताना कमी हवेवरच सावकाश येतो. तेवढी सवय होते.

कंप्रेसरबद्दल कळकळीने सांगतो. पंक्चरच्या दुकानातला किंवा पेट्रोल पंपावरचा कंप्रेसर गाड्यांसाठी असतो. आपल्या टायरात हवा मावते किती? दोन-तीन सेकंदांत आकडा कुठल्या कुठे जातो. माझ्या डोळ्यांदेखत एका मुलाचा टायर रिमवरून उडाला आहे, कानांना दडे बसले होते. तिथे भरायचीच असेल तर नळी ठेवा-उचला, ठेवा-उचला असं करा, थोडी जास्त झाली तर घरी मीटर लावून सोडा.

हिप्परगाकाठ

जुळेसोलापूरकर, डांबराचं तुमचं म्हणणं पटलं, मी तो विचार केला नव्हता. फक्त एक भर घालते. डांबरावर जास्त हवा पळते म्हणून खडबडीत वाटेवरही ती पळेल असं नाही. तिथे कडक टायर प्रत्येक खड्यावर वर उडतो आणि आपण पायातून घातलेला जोर पुढे जायच्या ऐवजी वर-खाली होण्यात जातो. मऊ टायर खड्याला पोटात घेतो आणि पुढे सरकतो. हाताचा बधिरपणाही त्यानेच कमी होतो.

पंचाग्नी

मी भौतिकशास्त्र शिकवायचो, त्यामुळे सोलापूरच्या उन्हाबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. हवा बंद जागेत तापली की दाब वाढतो, आणि तो मीटरवरच्या आकड्याच्या नव्हे तर एकूण दाबाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे मीटर ३० दाखवतो तेव्हा वातावरणाचा साधारण १४ मिळवायचा, एकूण ४४. तापमान केल्विनमध्ये घ्यायचं. पहाटे २० अंश म्हणजे २९३. हिशोब केला तर दर १० अंशांना दीड पीएसआय वाढतो.

मार्चच्या पहाटे २० अंशांत ३० भरली. दुपारी हवा ३८ ची झाली तर मीटर पावणेतेहतीसच्या आसपास दाखवेल. सायकल गच्चीवर उन्हात उभी राहिली आणि टायरमधली हवा ५० ला गेली तर साडेचौतीस. तुम्ही काही न करता साडेचार पीएसआय वाढले. ताई दोन-दोनाने मोजायला सांगतात, तिथे हा फरक दोन पायऱ्यांहून मोठा आहे. म्हणून हवा नेहमी त्याच वेळी, सावलीत, सायकल गार असताना मोजा. आणि उन्हात तापलेल्या टायरातली हवा 'जास्त झाली' म्हणून सोडू नका. दुसऱ्या दिवशी पहाटे ती कमी भरेल आणि पुन्हा दोन भोकं पडतील.

रुंद टायरला कमी हवा का पुरते, तेही सांगतो. टायरच्या कापडावरचा ताण दाब गुणिले त्रिज्या असा असतो. टायर रुंद झाला की त्याच दाबाला ताण वाढतो, म्हणून दाब उतरवता येतो. दुसऱ्याचा आकडा घेताना आधी त्याच्या टायरची रुंदी विचारावी, ती याचसाठी.

सराटा

माझं नाव बघून कळलंच असेल मी कशावर बोलणार. आपल्या भागात दगडाइतकाच शत्रू काटा आहे. पावसाळा संपला की सराटे वाळतात आणि थेट पायवाटेवर येऊन पडतात, वेड्या बाभळीचा काटा तर चपलेतूनही वर येतो. त्याला हवा कमी-जास्त करून काही होत नाही. सीलंट, म्हणजे आतून भोक बुजवणारा चिकट द्रव, लागतं.

मुरमाडवाट, तुमच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड असेल तर आतला कोअर (हवा अडवणारा छोटा भाग) काढून ट्यूबमध्येच सीलंट घालता येतं. काट्याची बारीक भोकं बुजतात. चिमटलेली दोन भोकं मात्र बुजत नाहीत, ती चिरल्यासारखी असतात.

ट्यूबलेसने चिमटण्याचा प्रश्न जातो, कारण चिमटायला ट्यूबच उरत नाही, आणि पाच-सहा पीएसआय खाली जाता येतं. पण रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी बनलेले हवेत. रिम तशी नसेल तर टेपांचे थर चढवून जुगाड करू नका. वळणावर टायर रिमवरून सुटला तर पडाल. आणि फार खाली गेलात तर ट्यूब नाही म्हणून रिम वाचते असं नाही, ती चेपते. आमच्याकडे उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, मी दर दोन महिन्यांनी टायर हलवून आत खळखळ आहे का बघतो.

सायकलचा खास मीटर घ्यायला नको. व्हॉल्व्ह जाड असेल तर मोटारसायकलचा हातातला मीटर बसतो, तो ६० पर्यंतचा घ्या. उभ्या पंपावरचा मीटर १६० पर्यंत असतो, त्यात ३० आणि ३४ मधला फरक काट्याच्या जाडीएवढा. आणि एकदा घेतलेला मीटर बदलू नका. दोन मीटर क्वचितच एकसारखे बोलतात. तुमचा ३३ तुमच्याच मीटरचा ३३ असतो.

मुरमाडवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रविवार घालवले. मीटर घेतला, व्हॉल्व्ह जाडच निघाला. फेरा तलावाच्या वरच्या अंगाचा निवडला.

३३/३६ वरच इतका फरक पडला की ५५ वर चार महिने कसे काढले कळेना. ३१/३४ वर वळण पहिल्यांदा न घाबरता घेतलं. मागची ३२ केली तर त्याच ओढ्यात 'टक्' वाजलं. ताईंनी सांगितलेला तो आवाज ऐकला आणि छातीत धस्स झालं, पण ट्यूब वाचली. मागची परत ३४. पुढची ३१ च्या खाली नेली नाही, टायरची मर्यादा ३० आहे म्हणून.

पंचाग्नी सर, परत आल्यावर दारात उन्हात मोजलं, मागची ३७. सोडली नाही. संध्याकाळी पुन्हा ३४ आणि काहीसं.

एक राहिलं. पावसाळ्यात काळ्या रानातून जायचं असेल तर किती?

जुळेसोलापूरकर

काळ्या रानात पावसात जायचंच नाही. ती माती चाकाला चिकटून फ्रेमपर्यंत भरते आणि चाक फिरायचं थांबतं. तरीही जोर लावला तर मागचा गिअर वाकतो किंवा तुटतो. कुठल्याही हवेने ते टळत नाही. मुरमाडच धरायचा, पाऊस उघडल्यावर एक-दोन तासांत तो चालवण्याजोगा होतो. ओल्यात तिथे एक-दोन पीएसआय कमी केलेली चालेल, पण तुमच्या टायरची पुढची आधीच तळाशी आहे.

आणि सगळ्यांनाच विनंती, नान्नजकडे गेलात तर माळढोक अभयारण्याच्या गवतात सायकल घालू नका. बाहेरून वाट काढा.

मुरमाडवाट

पटलं. मग पुढचा टायर झिजला की सव्वादोनचा घेईन, रिमला बसतो का ते आधी बघून.

येत्या रविवारी तुळजापूरच्या बाजूला बालाघाटच्या कडेपर्यंत जायचा विचार आहे. पहाटे साडेपाचला तुळजापूर नाक्यावर उभा असेन. मीटर, पंप आणि दोन जादा ट्यूबा माझ्याकडे आहेत. ज्यांना आपापली हवा मोजून घ्यायची आहे त्यांनी पाच मिनिटं आधी या, ऊन चढायच्या आत मोजू.