मदत हवी आहे: बाबांसाठी दोन फुटी फिशटँक, पण सोसायटीचं पाणी कधी धरणाचं तर कधी बोअरचं

नमस्कार मंडळी,

घरी पहिल्यांदाच गोड्या पाण्याचा फिशटँक लावतेय, बाबांसाठी. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं खाली उतरणं जवळजवळ बंद झालंय. लहानपणी आम्हाला संभाजी बागेतल्या मत्स्यालयात तेच घेऊन जायचे, आणि काचेसमोरून हलायला सगळ्यात जास्त वेळ त्यांनाच लागायचा. आता त्यांच्या खुर्चीसमोर, बसल्यावर नजर जाईल अशा उंचीवर टँक ठेवलाय. चार दिवसांत मासे मरायला लागले तर त्यांना ते फार लागेल, म्हणून मासे आणायच्या आधीच विचारतेय.

टँक २ × १ × १ फुटांचा. काठोकाठ भरला तर ५६ लिटर, पण रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ लिटरच्या आसपास. लोखंडी स्टँड, वर प्लाय, काचेखाली थर्माकोल. खिडकीपासून लांब ठेवलाय, थेट ऊन आलं की शेवाळं धरतं. फिल्टर साधा स्पंजचा घेतलाय, एअर पंपवर चालणारा. लाइट गेली तरी तो छोटा पंप इन्व्हर्टरवर आरामात चालतो. पुण्यातल्या थंडीसाठी ५० वॉटचा हीटर आहे.

दुकानात सांगितलं की आज पाणी भरा, थोडं निळं औषध टाका, उद्या मासे सोडा. आणि महिन्यातून एकदा सगळं पाणी काढून रेती, फिल्टर नळाखाली स्वच्छ धुवा. हे मला पटलेलं नाही. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो, उरलेलं खाणं कुजून त्यात भर पडते. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी, नायट्रेट मात्र बेताचं असेल तर मासे सहन करतात. हे जिवाणू पाण्यात कमी आणि स्पंजवर, रेतीवर जास्त राहतात. त्यांची वस्ती बसायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. क्लोरीनच्या पाण्याखाली स्पंज धुतला तर तीच वस्ती जाते. म्हणून मासे न सोडता आधी अमोनिया घालून टँक तयार करायचा असं ठरवलंय. थेंबांचं टेस्ट किट आणलंय.

इथवर वाचून समजलं. अडलंय ते पाण्यापाशी. आम्ही बावधनला राहतो. सोसायटीच्या खालच्या टाकीत महापालिकेचं पाणी येतं, बोअरचं येतं, उन्हाळ्यात टँकरचंही. कुठल्या दिवशी कुठलं किती, हे वॉचमनलाही सांगता येत नाही. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटर लावून पाहतेय. धरणाचं पाणी असलं की १२०च्या आसपास, टँकर येऊन गेला की तेच ६००. पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी ते दाखवणारा आकडा, कधी ७.२, कधी ८. नळ एकच, पण पाणी दोन वेगळ्या गावांचं असावं इतका फरक. त्यात गुरुवारी पाणी बंद असलं की शुक्रवारी 'उशिरा व कमी दाबाने', आणि बऱ्याचदा गढूळ.

अशा पाण्यावर दर आठवड्याला २०-२५ टक्के पाणी बदलायचं कसं? स्वयंपाकघरातलं आरओचं पाणी वापरावं का? बाबांना निऑन टेट्रा हवेत, ते या पाण्यात टिकतील? अमोनियासाठी कल्हईवाले वापरतात तो नवसागर चालेल का? तोही अमोनियम क्लोराइडच असतो ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मी कामासाठी बरेचदा बाहेरगावी असते. पाणी बदलायचं काम बाबांनाच करायचंय, त्यांची तशी इच्छाही आहे. पण त्यांनी बादली उचलायची नाही असं डॉक्टरांनी बजावलंय.

प्रतिसाद

ताई, मासे आणायच्या आधी विचारलंत हे फार चांगलं केलंत. माझ्याकडे हडपसरला अगदी हाच प्रकार आहे, त्यामुळे सविस्तर लिहितो.

बोअरचं पाणी म्हणजे वाईट पाणी, हे आधी मनातून काढा. आपल्याकडे जमिनीखाली काळा बेसॉल्ट, त्यातून आलेल्या पाण्यात क्षार जास्त. पण त्यातले कार्बोनेट टँकला उपयोगी असतात. जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात तेव्हा पाण्यात आम्ल तयार होतं. नुसतं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, पाणी असेल तर त्याला अडवायला काही नसतं, पीएच घसरत जातो आणि साडेसहाच्या खाली जिवाणूच मंदावतात. नुसतं आरओचं पाणी म्हणूनच नको. खडकवासल्याचं चालतं, बोअरचंही चालतं. माशांना सोसत नाही तो अचानक बदल.

हिशोब करून पाहा. टँकमध्ये टीडीएस २०० आहे आणि तुम्ही १० लिटर काढून ६००चं पाणी घातलंत, तर टँक एकदम २९०वर जातो. ५ लिटरच बदललंत तर २४५ला थांबतो. म्हणून आठवड्यातून एकदा १० लिटर बदलण्यापेक्षा दोनदा ५ लिटर बदला. शिवाय झाकणाचं एक पिंप ठेवा आणि धरणाचं पाणी आलं की भरून घ्या. टँकरचा दिवस असेल तर पिंपातलं आणि नळाचं पाणी मिसळून मीटर टँकच्या आकड्याजवळ आला की मगच घाला. शुक्रवारी पाणी बदलायचंच नाही. एखादा दिवस उशीर झाला तर काही बिघडत नाही.

पीएचचं एक लक्षात असू द्या. अमोनियाचा जो भाग खरोखर विषारी असतो, तो २५ अंशाला पीएच ७ असताना एकूण अमोनियाच्या जेमतेम अर्धा टक्का असतो, पीएच ८ला सुमारे ५ टक्के. किटवर रंग तोच दिसतो, पण धोका दहापट. मासे सोडल्यानंतर टेस्टमध्ये अमोनिया शून्याच्या वर दिसला आणि पाणी ८चं असलं, की वाट न पाहता पाणी बदला.

निऑन मऊ पाण्यातला मासा, तो सध्या नको. गप्पी आणि प्लॅटी तुमच्या पाण्यात मजेत राहतील. गप्पी फक्त नर घ्या, नाहीतर पिल्लांनी टँक भरून जाईल. रंग नरांनाच असतात, त्यामुळे बाबांची हौस राहील. आधी चारच आणा.

नवसागराबद्दल: आहे तो अमोनियम क्लोराइडच, पण बाजारातल्या खड्यात आणखी काय मिसळलंय सांगता येत नाही. कल्हईला ते चालतं, टँकला नको. लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणा. ४५ लिटरला अमोनिया २ पीपीएम (लिटरला २ मिलिग्रॅम) करायला पाव ग्रॅमपेक्षा किंचित जास्त लागतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही चोवीस तासांत शून्यावर येऊ लागले की टँक तयार. मग एकदा मोठं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा आणि लगेच मासे सोडा, जिवाणूंना उपाशी ठेवू नका. सुरुवातीला पाणी दुधाळ होईल. घाबरून उपसू नका, ते आपोआप निवळतं. ओळखीत कुणाचा निरोगी, जुना टँक असेल तर त्याच्या फिल्टरच्या स्पंजाचा तुकडा मागून आणा. विरजणासारखं काम करतो, दिवस बरेच वाचतात.

प्रतिसाद

काच साफ ठेवायला एक सकर मासा (काचेला चिकटून शेवाळं खाणारा) घ्या, सगळ्यांकडे असतो.

प्रतिसाद

कृपया सकर घेऊ नका. दुकानात बोटाएवढा असतो, पण फूटभराच्याही पुढे वाढतो. ४५ लिटरमध्ये तो मावणारच नाही. मग लोक नदीत सोडतात. आता उजनीत मच्छीमारांच्या जाळ्यात हेच मासे येतात, जाळी फाडतात, आणि त्यांना कुणी घेत नाही. काचेवरचं शेवाळं साध्या स्पंजाने आतून पुसलं की जातं.

बादलीचं सांगतो. उचलायचं काहीच नाही. टँकला सायफनची लांब नळी लावा, दुसरं टोक बाल्कनीतल्या कुंड्यांत. नायट्रेटचं पाणी आहे, मोगरा आणि तुळस खूश होतील. नळीचं रुंद टोक रेतीत रोवून हळूहळू पुढे न्या, पाण्याबरोबर घाण वर चढताना दिसते. टँकच्या काचेवर बाहेरून स्केचपेनने एक रेघ मारून ठेवा, पाणी तिथवर उतरलं की बाबांनी नळी मिटायची. भरायला पिंपात कूलरचा छोटा पंप टाका आणि त्याची नळी टँकच्या काठाला चिमट्याने अडकवा. अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवणारं औषध) पिंपातच, बाटलीवरच्या प्रमाणात. हीटरचं बटण आधी बंद करायला मात्र विसरू नका. तापलेला हीटर पाण्याबाहेर उघडा पडला की तडकतो. आणि पिंपाचं झाकण घट्ट हवं, पावसाळ्यात डेंग्यूचे डास त्यातच अंडी घालतात.

स्पंज नळाखाली धुवायचा नाही हे तुम्हाला माहीत आहेच. काढलेल्या टँकच्याच पाण्यात दोनदा पिळा, बास.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना तिन्ही प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले. निऑन नाहीत म्हटल्यावर थोडे हिरमुसले, पण नर गप्पींचे फोटो पाहून लगेच राजी झाले. पिंप ५० लिटरचं घेतेय, बाल्कनीच्या कोपऱ्यात बसतं. टीडीएस लिहायला त्यांनी स्वतःच एक वही काढलीय. शुद्ध अमोनियम क्लोराइड उद्या आणते.

आता एकच विचारायचंय. पिंप बाल्कनीत, म्हणजे डिसेंबरात सकाळी त्यातलं पाणी गार आणि टँक २६ अंशावर. दर वेळी ५ लिटरच घालायचंय, तर तेवढं तसंच घातलं तर चालेल, की आधी थोडं गरम पाणी मिसळावं? गीझरचं पाणी टँकला चालतं का?