सल्ला हवा: अपघातानंतर बुडालेल्या कमाईचा हिशेब कसा मांडायचा?

भाचा सुतारकाम करतो, वय 34, महिन्याला साधारण 18,000 सुटतात. ट्रकच्या धडकेत उजवा कोपर मोडला, सात महिने काम बंद. अपंगत्वाच्या दाखल्यावर ‘उजव्या हाताचे कायमचे अपंगत्व 45 टक्के’ आहे. भरपाईच्या दाव्यात हाच आकडा धरायचा का? इन्कम टॅक्सचे विवरणपत्र कधी भरलेले नाही.

प्रतिसाद 1
45 टक्के हाताचे आहेत, कमाईचे नव्हेत. बहुतेक दावे इथेच बिघडतात. राजकुमार विरुद्ध अजयकुमार (2011) हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वकिलांना दाखवा. डावा हात गेला तरी कारकुनाची नोकरी टिकू शकते, सुताराची कमाई मात्र जवळजवळ पूर्ण बुडू शकते, असे त्यात म्हटले आहे. उलटही होते: त्याच दाव्यात पायाचे 45 टक्के होते, पण कमाईतली घट 20 टक्केच धरली गेली.

म्हणून डॉक्टरांची साक्ष घ्याच, नुसता दाखला जोडून भागत नाही. रंधा मारता येईल का, फळी उचलता येईल का, पटाशी धरवेल का, हे त्यांच्या तोंडून नोंदीवर येऊ द्या. कमाई किती घटली ते मोटार अपघात दाव्यांचे न्यायाधिकरण ठरवते.

समजा 60 टक्के घट मान्य झाली. वर्षाचे 2,16,000. स्वतंत्र धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून भावी वाढ (पुढे कमाई वाढली असती ती) 40 टक्के (प्रणय सेठी निकाल, 2017): 3,02,400. त्याचे 60 टक्के 1,81,440. वय 31 ते 35 ला गुणक (वर्षाच्या रकमेला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा) 16 (सरला वर्मा निकाल, 2009), म्हणजे 29,03,040. घट 20 टक्केच धरली तर हेच 9,67,680 होतात. सात महिन्यांचे 1,26,000 वेगळ्या रकान्यात मागा.

प्रतिसाद 2
जखमीच्या दाव्यात भावी वाढ मिळत नाही, असे विमा कंपनीचे वकील अजूनही म्हणतात. त्यावर पप्पू देव यादव (2020) हा निकाल दाखवा.

उत्पन्नासाठी बँक पासबुक, यूपीआयच्या नोंदी, प्लायवूडच्या दुकानाची बिले आणि नेहमीच्या दोन गिऱ्हाइकांची साक्ष. आता घाईने विवरणपत्र भरू नका, अपघातानंतरच्या कागदावर संशय घेतात. काहीच सिद्ध झाले नाही तर निदान अपघाताच्या तारखेचे कुशल कामगाराचे किमान वेतन धरण्याचा आग्रह धरा.

धागाकर्ता
आभार. स्वतःच्या खर्चापोटी एक तृतीयांश वजा होतो म्हणे?

प्रतिसाद 1
तो मृत्यूच्या दाव्यात. माणूस हयात आहे, त्याचा खर्च चालूच आहे, म्हणून इथे वजावट नाही. आणि अर्ज अपघातापासून सहा महिन्यांच्या आत दाखल करायचा असतो; अजून केला नसेल तर आजच वकिलांना गाठा.