इन्सुलिन शिकवायचं कुणाला, पेशंटला की त्याच्या मुलाला?

वॉर्डातली ताई
मेल मेडिसिनला, म्हणजे पुरुषांच्या वॉर्डात, चौदा वर्षं झाली. परवा एक आजोबा पुन्हा ॲडमिट झाले, शुगर ४१२. डिस्चार्जला सकाळ-संध्याकाळ २० युनिट लिहून दिलेलं. "घेत होतात का?" तर म्हणाले, "एकही चुकवलं नाही." म्हटलं, कसं घेता ते दाखवा. पिशवीतून बाटली काढली ४०ची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, आणि सिरिंज केशरी टोपणाची, म्हणजे १००च्या बाटलीसाठीची. दुकानात लाल टोपणाची, म्हणजे ४०ची, नव्हती, दुकानदाराने ही दिली. आजोबांनी अगदी नीट २०च्या रेघेपर्यंत भरलं. पोटात जात होतं किती? ८ युनिट!
मागच्या वेळी शिकवलं होतं मुलाला, बिल भरायच्या गडबडीत. मुलगा पुण्यात नोकरीला, शनिवारी घरी येतो.
माझं मत स्पष्ट आहे. इन्सुलिन सुरू झालं त्याच दिवसापासून सिरिंज पेशंटच्या हातात द्यायची. डिस्चार्जच्या दिवशी फक्त उजळणी.

रात्रपाळी
ताई, पुस्तकात छान वाटतं. शिकवणाऱ्या हॉस्पिटलात तीन पेशंटमागे एक नर्स असावी असा नर्सिंग कौन्सिलचा निकष आहे. माझ्याकडे ४२ पेशंट, आम्ही दोघं, आणि त्यातला एक सारखा रक्त आणायला पळतोय. त्यात म्हाताऱ्यांना रेघा दिसत नाहीत, हात थरथरतो. सुनेला नाहीतर मुलाला शिकवा आणि मोकळे व्हा. घरी टोचणार तेच आहेत.

एक लेक
आमच्याकडे उलटं झालं. बाबांना सगळं शिकवलं, आम्हाला कुणी काही सांगितलं नाही. एका रात्री बाबा घामाने चिंब, असंबद्ध बडबडायला लागले. आई म्हणाली भूक लागली असेल, आणि तिने चहा दिला. बिनसाखरेचा! डायबेटिस आहे ना, मग साखर कशी घालायची? शेजारच्या काकूंनी ओरडून साखरेचं पाणी पाजायला लावलं. आता सांगा, शिकायची गरज कुणाला होती?

वॉर्डातली ताई
@एक लेक, तुमचं शंभर टक्के मान्य. शुगर ७०च्या खाली गेली की पेशंटला स्वतःला कळेलच असं नाही, म्हणून ते घरातल्या सगळ्यांना यायला हवं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना. पण टोचणं वेगळं. ते रोजचं आहे, ते ज्याचं त्याला आलं पाहिजे.
@रात्रपाळी, सकाळच्या डोसला तू त्या बेडशी सिरिंज घेऊन उभा असतोसच की. तीच त्याच्या हातात दे. आणि "कळलं का?" विचारू नकोस, सगळे "हो सिस्टर" म्हणतात. "दाखवा" म्हण.

रेसिडेंट
एवढा वाद कशाला? इन्सुलिनचं पेन लिहून द्या. आकडा फिरवला, टोचलं, झालं.

वॉर्डातली ताई
सर, पेन परवडतं त्यांना द्याच. पण पेन बिघडलं की काय होतं ते पाहिलंय मी. पेनातली औषधाची नळी, कार्ट्रिज, असते १००ची; तिच्यातून लाल टोपणाच्या सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत ओढलं की ५० युनिट जातात. आजोबांना नुसतं कमी पडत होतं, इथे माणूस झोपेतच जाईल. पेन लिहिलंत तरी बाटली कुठली नि सिरिंज कुठली हे सांगावंच लागतं. ते कोण सांगणार?

रेसिडेंट
ओपीडीत पेशंटमागे चार मिनिटं मिळतात. त्यामुळे तुम्हीच.

रात्रपाळी
बघा, शेवटी आलं ना आमच्याच गळ्यात. आणि ताई, हे काही दोन मिनिटांचं काम नाही. परवा एकाला सिरिंज हातात दिली. त्याने आधी हवा भरली, मग बाटली उलटी धरायची विसरला, मग सुई वाकवली. दहा मिनिटं गेली, शेजारचा नेब्युलायझर मागत बसला. वाकलेल्या सुईचं उत्तर मलाच द्यावं लागलं.

वॉर्डातली ताई
पहिल्या दिवशी दहा लागतात. चौथ्या दिवशी तो स्वतः बाटली तळहातांत फिरवून गढूळ औषध एकसारखं करतो आणि तुला विचारतो, "आज बेंबीच्या कुठल्या बाजूला?" एकाच जागी टोचून पोटावर गाठी झालेले कमी बघितलेत का आपण?

रात्रपाळी
ठीक आहे, डोळे चांगले असणाऱ्यांना देऊन बघतो. पण माझ्या १४ नंबरचं काय? दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मुलगा नाही, सून नाही, घरी एकटाच.

वॉर्डातली ताई
आधी डोळ्यांच्या विभागाला दाखव.

रात्रपाळी
दाखवलं. शुगर कमी करून आणा म्हणाले.