मुलांना 'कळ काढायला' शिकवायचं की नाही?

सुरसागरकाठची: बालवाडीताईंसाठीच्या एका पुस्तिकेचा मराठी तर्जुमा करतेय. 'सेल्फ-रेग्युलेशन'वर, म्हणजे मुलानं आपल्या भावना नि वागणं आपणच ताब्यात ठेवण्यावर, अडले. 'स्वनियमन' वाचून एक ताई म्हणाल्या, हे वाहतुकीचं आहे का? म्हणून लिहिलं, 'मुलाला कळ काढायला शिकवा.' आमची आजी रोज म्हणायची, "पोळी तव्यावर आहे, जरा कळ काढ." पुण्याच्या तपासनीस बाईंचा लाल शेरा: 'मुलांना भांडणं उकरायला शिकवायचंय?' आमची बडोद्याची मराठी बिघडली, की त्यांची आक्रसली?

दांडियाबाजार: दोन्ही बरोबर. 'जरा कळ काढ' म्हणजे दम धर. 'त्याची कळ काढली' म्हणजे खोडी काढली. षष्ठी आली की भांडण. तुमच्या वाक्यात षष्ठी नाही, शेरा बाद.

मुठेकाठचा: वाचणारा षष्ठी शोधत बसत नाही हो. 'आत्मसंयम' असताना ही कसरत कशाला?

सुरसागरकाठची: साडेतीन वर्षांच्या पोराला आत्मसंयम? मुंज झालीये का त्याची?

राजवाडा इंदूर: 'सबुरी' घ्या. शिर्डीत चालते, बालवाडीत का नको?

मुठेकाठचा: मूळ अरबी.

दांडियाबाजार: 'तर्जुमा'ही अरबीच, तेव्हा गप्प होतात! सयाजीराव महाराजांच्या कारकिर्दीत १९३१ साली कारभाराच्या शब्दांचा आठ भाषांतला 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' निघाला. त्यात उर्दू-फारसीलाही जागा होती. कुणी बाटलं नाही.

पदराचं टोक: बावीस वर्षं बालवाडी चालवली, म्हणून मधे बोलते. 'कळ काढणं' आणि 'सबुरी' दोन्हींत मूल नुसतं थांबतं. १९७०च्या सुमारास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी मुलांपुढे खाऊ ठेवला: थांबलात तर दोन मिळतील. तेव्हापासून सगळ्यांनी थांबण्याचंच कौतुक मांडलं. २०१८मधे जास्त मुलं घेऊन तसाच अभ्यास झाला, तेव्हा घरची परिस्थिती जमेस धरल्यावर थांबण्याचा पुढच्या हुशारीशी असलेला संबंध बराच पातळ निघाला. माझ्याकडे एक पोरगा झोक्याची पाळी येईपर्यंत माझ्या पदराचं टोक मुठीत धरून आकडे म्हणायचा. सातनंतर थेट अकरा. पदर सोडवला की भोकाड. एकटा कळ काढत नव्हता तो, माझा धीर उसना घेत होता. मोठ्याच्या आधारानं शांत होणं आधी येतं, एकट्यानं नंतर. मी 'स्वतःला सावरणं' लिहीन.

मुठेकाठचा: सावरणं तोल गेल्यावर. मारायला उचललेला हात आवरणं त्यात कुठे बसलं?

पदराचं टोक: मग 'आवरणं-सावरणं' जोडीनं लिहा. एकाच शब्दात कोंबायची सक्ती कुणी केलीय?

राजवाडा इंदूर: माझं मत: कळ, कळणं, कळवळा एकाच घरचे. दुसऱ्याची कळ कळली की कळवळा येतो. तुमच्या पुस्तिकेचा पुढचा धडाही त्यात आला!

दांडियाबाजार: ऐकायला गोड. पण 'कळणे' संस्कृत 'कल्'वरून, ओढूनताणून सोयरीक नको. आणि 'कळलाव्या नारदा'ला कुठे बसवणार?

सुरसागरकाठची: पुस्तिका सोमवारी छापायला जातेय हो...

राजवाडा इंदूर: नारदावरून आठवलं, कळलावी! ती लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं. घरात आणली की भांडणं लागतात म्हणून ते नाव.

पदराचं टोक: छे, बाळंतपणाच्या कळा आणायला तिचा कंद वापरत, म्हणून. विषारी असतो, मुलांच्या हाताला लागू देऊ नये.

मुठेकाठचा: भांडणाचंच खरं. आमच्या अंगणात होती, आईनं उपटून टाकली.

दांडियाबाजार: मग थांबली भांडणं?

मुठेकाठचा: नाही.