मानपाडा ते ऐरोली: हाताशी किती वेळ ठेवून निघावं?

प्रश्न
सकाळी ९:३० ला ऐरोलीत हजर व्हायचं आहे. मॅप ५० मिनिटं दाखवतो, प्रत्यक्षात कधी ४०, कधी ७५ लागतात. कार बरी, की टीएमटीने (ठाणे महापालिकेच्या बसने) ठाणे स्टेशन गाठून ट्रान्स-हार्बर लोकल (ठाण्याहून ऐरोलीकडे जाणारी)?

उत्तर १
सरासरी धरून निघालात तर जवळपास निम्मे दिवस उशीर होणार. रोज एकाच वेळी निघून २० कामाच्या दिवसांचा घरापासून ऑफिसच्या दारापर्यंतचा वेळ टिपा आणि आकडे चढत्या क्रमाने लावा. १९वा आकडा धरून निघायचं. त्यापेक्षा जास्त वेळ लागणारा दिवस महिन्यात एखादाच.

समजा, कारची सरासरी ५२ आणि १९वा आकडा ७८. बस-लोकलचे ६३ आणि ७२. सरासरीत लोकल ११ मिनिटं हळू, तरी घरातून ६ मिनिटं उशिरा निघता येतं. सरासरीपेक्षा जादा ठेवलेल्या वेळेला सरासरीने भागलं की बफर इंडेक्स मिळतो (जितका कमी तितका प्रवास भरवशाचा): कार ५० टक्के, लोकल १४. माझं मत लोकलच्या बाजूने.

उत्तर २
बसची वाट पाहण्याचा वेळ वेगळा टिपा, खरी गोम तिथेच आहे. दर १० मिनिटांनी बस नेमाने आली तर सरासरी ५ मिनिटं थांबावं लागतं. त्याच बसेस जोडीने, २० मिनिटांच्या अंतराने आल्या तर १०. फेऱ्या तेवढ्याच! शिवाय अंतर १८ आणि २ मिनिटांचं पडलं, तर स्टॉपवर येणाऱ्या दहापैकी नऊ जण १८च्या खिंडारात सापडतात. त्यामुळे ‘बस कायम उशिरा’ ही तक्रार प्रवाशांच्या बाजूने खरीच असते, डेपोच्या कागदावर सरासरी बरोबर दिसली तरी. उभ्याने, कधी येईल ते माहीत नसताना गेलेली मिनिटं बसमधल्या मिनिटांपेक्षा जड जातात, ते वेगळंच.

उत्तर ३
दोन गोष्टी राहिल्या. बसचा आणि लोकलचा वाईट दिवस वेगवेगळा काढून बेरीज करू नका; दोन्ही एकाच दिवशी क्वचित बिघडतात, त्यामुळे आकडा उगाच फुगतो. सॅटिसवरून (स्टेशनबाहेरच्या उंच बस-डेकवरून) १० नंबर प्लॅटफॉर्मपर्यंतचं चालणं मात्र धरा, तिथेच लोकल हुकते. आणि पावसाळ्याच्या नोंदी वेगळ्या ठेवा. विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी साचलं की कळवामार्गे जाणाऱ्यांचे आकडे कोरड्या दिवसांत मिसळता येत नाहीत.

प्रश्नकर्ता
२० दिवस व्हायच्या आधी काय धरू?

उत्तर १
तोवर सगळ्यात मोठा आकडा. सोमवार वेगळा पडतोय असं दिसलं तर त्याची यादी निराळी करा.