शब्दचर्चा: स्थानकाच्या नावावरची ती रेघ, तिला मराठीत काय म्हणायचं?

कानामात्रा
एका भाषांतरात अडकले आहे. मजकूर शहर वाहतुकीचा आहे. त्यात मुद्दा असा की स्थानकाच्या अधिकृत नावात ॲक्सेंट मार्क असावा की नसावा. संदर्भ कॅलिफोर्नियातल्या सॅन होझेचा. तिथल्या नगर परिषदेनं १९७९ साली ठरवलं की शिक्क्यावर, कार्यालयीन कागदांवर आणि खात्यांच्या नावांत 'होझे'च्या शेवटच्या अक्षरावर तिरकी रेघ द्यायची. गंमत म्हणजे शहराची १९६५ची सनद बिनरेघेची होती, तीत रेघ बऱ्याच उशिरा आली. जून २०२०मध्ये बार्ट या तिथल्या शहरी रेल्वेचं 'बेरीएसा / नॉर्थ सॅन होझे' स्थानक सुरू झालं, त्याच्या अधिकृत नावात ही रेघ आहे.

मी 'आघातचिन्ह' लिहिलं. संपादकांनी त्याला गोल करून समासात लिहिलं, 'कसला आघात?' 'ॲक्सेंट' तसाच ठेवला असता, पण मराठीत ॲक्सेंट म्हटलं की बोलण्याचा हेल आठवतो, लिहिण्यातली खूण नाही. शब्द सुचवा.

खिळेजुळारी
होझेपुरतं तुमचं 'आघातचिन्ह' चोख आहे. स्पॅनिशमध्ये स्वरान्त शब्दाचा जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर पडतो. या नावाचा स्पॅनिश उच्चार साधारण 'खोसे', आणि जोर 'से'वर. रेघ काढून टाकली तर नियमानं जोर 'खो'वर जाईल. 'इथे नेहमीचा नियम लावू नका' एवढंच ती रेघ सांगते.

पण हाच शब्द प्रागच्या मेट्रोला लावाल तर फसाल. तिथे 'नाम्येस्ती मीरू' नावाचं स्थानक आहे, अर्थ शांतता चौक. दिसायला हीच तिरकी रेघ, पण चेक भाषेत जोर कायम पहिल्या अक्षरावर असल्यामुळे तो दाखवायची गरजच पडत नाही. तिथे रेघ म्हणजे दीर्घ स्वर. 'मी'वर रेघ आहे, 'रु'वर नाही. (आपल्या नियमानं शेवटचा उकार दीर्घच लिहावा लागतो, म्हणून मी 'मीरू' लिहिलं. चेक माणूस पाहील तर मलाच गोल करेल.)

आडवाट
मग 'दीर्घचिन्ह'? न्यूझीलंडला चालेल. ऑकलंडच्या 'ओताहुहु' स्थानकाच्या नावात 'ओ' आणि 'ता' या दोन्हींवर आडवी रेघ असते, दोन्ही दीर्घ. माओरीत ती सोडून चालत नाही. 'केके' साधं लिहिलं तर केक, दोन्ही स्वरांवर रेघ दिली तर काख.

कानामात्रा
आणि देवनागरीत दोन्ही 'केके'! इकार-उकाराचे ऱ्हस्व-दीर्घ पाठ करण्यात बालपण गेलं, पण ऱ्हस्व 'ए'ला आपल्याकडे खूणच नाही.

आडवाट
म्हणूनच म्हणतो, सरसकट 'उच्चारचिन्ह' म्हणा. जोर असो, लांबी असो, सूर असो, सगळं उच्चारात येतं.

खिळेजुळारी
नाही येत. पॅरिसचं 'शातले' घ्या. 'शा'मधल्या स्वरावर टोपी आहे. जुन्या फ्रेंचमध्ये तिथे 'स' होता (शब्दाचा अर्थ छोटा किल्ला, इंग्रजी 'कासल'च्या स्पेलिंगमध्ये तो 'स' अजून बसलेला आहे). फ्रेंचमध्ये तो गळाला आणि त्याच्या जागेची आठवण म्हणून टोपी उरली. आज टोपी काढली तरी बहुतेकांच्या तोंडी नाव तसंच राहील.

हे आपल्याला नवं नाही. 'नाम'चं 'नांव' झालं, 'ग्राम'चं 'गांव'. वरचं टिंब त्या गेलेल्या 'म'चं. उच्चार कधीच नाहीसा झाला होता, टिंब मात्र १९६२च्या नियमांपर्यंत टिकलं. त्या नियमांनी न उच्चारलेले अनुस्वार काढले, तरी आडनावांत 'गांवकर' अजून भेटतातच. फ्रेंचांनीही १९९०च्या सुधारणेत काही टोप्या ऐच्छिक केल्या, पण विशेषनामांना हात लावला नाही. स्थानकाचं नाव विशेषनाम असतं. शुद्धलेखनाचा नियम बदलला म्हणून ते आपोआप बदलत नाही, कोणीतरी ठरवून बदलावं लागतं. डेन्मार्कमधल्या ऑर्हुस शहरानं तसं ठरवून केलं. वर कडी असलेलं अक्षर सोडून १ जानेवारी २०११पासून जुनं दुहेरी 'ए'चं स्पेलिंग परत घेतलं.

पाटीपुसणी
'वरखूण' कसा वाटतो? छोटा, मराठी, तोंडात बसणारा.

आडवाट
शब्द गोड आहे, पण बार्सिलोनात 'प्लासा दे कातालुन्या'ची खूण अक्षराच्या खाली लोंबते. ती नसेल तर 'स'चा 'क' होऊन 'प्लाका' वाचलं जाईल. त्याच शहरातल्या 'पारालेल' स्थानकाच्या नावात तर दोन 'एल'च्या मधोमध ठिपका आहे. वर नाही, खाली नाही. आणि हो ची मिन्ह शहराची पहिली मेट्रो डिसेंबर २०२४मध्ये सुरू झाली, तिच्या 'बेन थान' स्थानकात 'बे'च्या स्वरावर एकावर एक दोन खुणा आहेत. टोपी सांगते स्वर कोणता, रेघ सांगते सूर चढता. 'था'वरची रेघ उलटी तिरकी, सूर उतरता. एकाच अक्षरावर दोन कामगार, दोघांना एकच हुद्दा कसा देणार?

पाटीपुसणी
बरं, 'वरखूण' मागे. पण 'चिन्ह' तरी सगळीकडे चालेल ना?

खिळेजुळारी
होनोलुलुत तेही अडेल. तिथली 'स्कायलाइन' ही मेट्रो जून २०२३मध्ये सुरू झाली, स्थानकांची नावं हवाईयन. 'कुआलाकाइ'च्या शेवटच्या 'इ'आधी उलट्या स्वल्पविरामासारखं काहीतरी दिसतं, ते ओकिना. हवाईयनमध्ये ते चिन्ह नाही, व्यंजन आहे. घशात क्षणभर हवा अडवायची, तो आवाज. ते गाळणं म्हणजे अक्षर गाळणं.

डेटावाला
मी दोन वर्षं स्थानकांच्या याद्यांचं काम केलंय, माझी तक्रार वेगळी आहे. एका यादीत एकच स्थानक दोनदा येत होतं. पडद्यावर दोन्ही नावं तंतोतंत सारखी. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की एका नोंदीत रेघेसकट अख्खं एकच अक्षर आहे आणि दुसरीत साधं अक्षर अधिक मागून चिकटवलेली सुटी रेघ. माणसाला एक, यंत्राला दोन. त्यावर साहेबांचा उपाय असा की सगळ्याच रेघा काढून टाका. मी म्हटलं, शोधताना रेघ नसली तरी सापडू दे, पण पाटीवर आणि तिकिटावर नाव पूर्ण छापा. दोन्ही एकत्र करता येतं.

आणि हसू नका, वर कानामात्रांनी 'ॲक्सेंट' लिहिलाय ना, त्यातला 'ॲ'ही काहींच्या कीबोर्डवरून एकच अक्षर म्हणून येतो, काहींच्या 'अ'वर सुटा चंद्र जोडून. शोधून बघा, निम्मे सापडणार नाहीत.

कानामात्रा
चर्चेतून माझ्यापुरतं असं निघालं. खुणेचं काम भाषेगणिक बदलतं, तर शब्दही बदलू दे. स्पॅनिशला आघातचिन्ह, चेक-माओरीला दीर्घचिन्ह. आपलं टिंब तरी कुठे एकच काम करतं? 'आंबा'त ते 'म्' आहे, 'असं'मध्ये नुसता लांबवलेला 'अ', आणि 'त्यानं'चं 'त्यांनी' झालं की आदर.

आणखी एक सुचलं. मी क्रियापद चुकवलं होतं. 'चिन्हाचा वापर करावा' असं लिहीत होते. मराठीत काना, मात्रा, टिंब 'देतात'. म्हणून वाक्य असं केलं: 'स्थानकाच्या अधिकृत नावात होझेच्या शेवटच्या अक्षरावर आघाताची रेघ द्यावी.' 'चिन्ह' गेलं, अडचणही गेली.

खिळेजुळारी
'आघाताची रेघ' झकास. संपादक काय म्हणाले?

कानामात्रा
आघात पास झाला. आता गोल 'होझे'वर आहे. समासात लिहिलंय: 'होझे, होजे की खोसे?'