मदत हवी आहे: बार्बाडोसला व्हिसा लागत नाही, मग नक्की काय लागतं?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

येत्या जानेवारीत आम्ही दोघं (मी ५७, आमचे हे ६२) लेकीकडे लंडनला जातोय. यूकेचा व्हिजिटर व्हिसा हातात आलाय. इथवर सगळं सुरळीत होतं. मग ह्यांच्या डोक्यात खूळ शिरलं की एवढं लंडनपर्यंत जातोच आहोत, तर केन्सिंग्टन ओव्हल बघून यायचं. २९ जून २०२४ ला आपण वर्ल्ड कप जिंकलो ते मैदान. त्या रात्री शेवटची पाच षटकं हे सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून होते, जागा बदलली की सामना जाईल म्हणून. सात धावांनी जिंकलो ते आपल्या बसण्यामुळेच, असं ह्यांचं ठाम मत आहे.

मैदान बार्बाडोसच्या ब्रिजटाउन शहरात आहे आणि लंडनहून थेट विमान जातं. जोडीला चार दिवस त्रिनिदाद, कारण १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला पोर्ट ऑफ स्पेनला हरवलं, ती सासऱ्यांची आयुष्यभराची गोष्ट.

बेत असा: लेकीकडे दोन आठवडे, मग ब्रिजटाउन सहा दिवस, पोर्ट ऑफ स्पेन चार दिवस, परत ब्रिजटाउनमार्गे लंडन आणि दोन दिवसांनी मुंबईचं विमान.

भारतीय पासपोर्टवर दोन्हीकडे पर्यटनासाठी व्हिसा लागत नाही हे कळलं. पण पुढे गोंधळ आहे. आमचा ट्रॅव्हलवाला म्हणतो, "व्हिसा-फ्री आहे काकू, पासपोर्ट घ्या नि बसा विमानात." नणंदेचे यजमान म्हणतात सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, तीन वर्षांचे आयटी रिटर्न, सगळं नोटरी करून न्या. दोघांतलं कुणाचं ऐकू? आणि डिंकाचे लाडू चालतात का? (हसू नका, लेकीसाठी केलेल्यातले चार आमच्यासोबत येणारच.)

खिडकीची_सीट

कुणाचंच ऐकू नका. व्हिसा लागत नाही याचा अर्थ एवढाच की आधी अर्ज करून परवानगी घ्यावी लागत नाही. उतरल्यावर अधिकारी प्रश्न विचारणारच आणि "ह्यांना घेत नाही" म्हणायचा अधिकार त्याच्याकडे आहेच. तो चार गोष्टी बघतो: पासपोर्टची मुदत, परतीचं किंवा पुढचं तिकीट, राहण्याचा पत्ता, खर्चाला पैसे. हॉटेलचं बुकिंग छापून ठेवा, फॉर्मवर पूर्ण पत्ता लागतो, नुसतं "ब्रिजटाउन" चालत नाही. पैशांसाठी क्रेडिट कार्ड आणि ताजं स्टेटमेंट पुरे. नोटरीचे पैसे वाचवा.

पण खरी चाळणी तिथे नाही, तुमच्या निघायच्या विमानतळावर आहे. प्रवाशाला प्रवेश नाकारला तर त्याला परत आणायचा भार विमान कंपनीवर पडतो. म्हणून काउंटरवरची मुलगी टायमॅटिक नावाच्या यादीत तुमचा देश आणि तुमचं ठिकाण घालून बघते आणि तिथे जे लिहिलंय ते मागते.

आमचं काय झालं सांगतो. जायचं तिकीट एका कंपनीचं, परतीचं दुसरीचं, दोन वेगवेगळी बुकिंग. काउंटरवर विचारलं, बार्बाडोसमधून बाहेर कसे पडणार? तिकीट बायकोच्या ईमेलमध्ये, फोनला रेंज नाही, मागे रांग. चाळीस मिनिटं बाजूला उभं केलं. शेवटी मेव्हण्याने घरून पीडीएफ पाठवली तेव्हा बोर्डिंग पास मिळाला. तुमचं तर ब्रिजटाउन ते पोर्ट ऑफ स्पेन तिकीट नक्की वेगळं असणार. सगळी तिकिटं कागदावर घ्या, एक संच पर्समध्ये, एक ह्यांच्या खिशात.

बोरकूट

वरच्यात भर. बार्बाडोसचा इमिग्रेशन आणि कस्टमचा फॉर्म ऑनलाइन भरतात, पोहोचायच्या आधीच्या तीन दिवसांत. तो फुकट आहे. सर्चमध्ये वर वर येणारी भलतीच संकेतस्थळं त्याच फॉर्मचे डॉलरमध्ये पैसे घेतात, मी स्वतः एकदा भरून बसलोय. पत्त्याच्या शेवटी 'गव्ह डॉट बीबी' आहे का तेवढं बघा. भरल्यावर कोड येतो, तो छापून घ्या. त्रिनिदादहून परत ब्रिजटाउनला उतरताना तो पुन्हा भरावा लागेल, पहिला कोड चालणार नाही.

मठ्ठा_विथ_जिलेबी

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्याकडे यूकेचा व्हिसा नाही. मुंबईहून परस्पर बार्बाडोसला जाता येईल का?

खिडकीची_सीट

@मठ्ठा, बार्बाडोसला व्हिसा नको, पण वाटेत लागतो, गंमत तीच आहे. अमेरिकेत विमान बदलायचं तरी अमेरिकेचा व्हिसा हवा, तिथे आतल्या आत बदलायची सोय नाही. कॅनडालाही ट्रान्झिट व्हिसा लागतो. लंडनला विमानतळाच्या आत बदलायचं असलं तरी आपल्याला ट्रान्झिट व्हिसा लागतो, अमेरिका, कॅनडा वगैरेंचा चालू व्हिसा असेल तर सवलत मिळते. हीथ्रोला उतरून गॅटविकहून पुढचं विमान असेल तर बाहेर पडणं आलंच. ॲमस्टरडॅमला आतल्या आत बदलायला आपल्याला शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच) व्हिसा लागत नाही, तिथून हिवाळ्यात ब्रिजटाउनला विमान असतं. आधी तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढू नका, आधी वाट ठरवा.

शंखपुष्पी

गोदाकाठताई, सगळे जाण्याचं सांगताहेत, येण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. मी औषधांच्या दुकानात आयुष्य काढलंय, त्यामुळे नजर तिथेच जाते.

पिवळा ताप. भारत सरकारच्या पिवळ्या तापाच्या देशांच्या यादीत त्रिनिदाद आहे, बार्बाडोस नाही. आपल्याकडे हा रोग नाही, पण तो पसरवणारा डास घरोघरी आहे, डेंग्यूचाच डास तो. म्हणून सरकार याबाबतीत फार कडक आहे. त्रिनिदादहून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत तुम्ही मुंबईत उतरलात आणि लसीचं प्रमाणपत्र नसेल, तर विलगीकरणात ठेवू शकतात. आपला पासपोर्ट आहे म्हणून सूट नाही. तुमच्या बेतात लंडनला दोनच दिवस आहेत, म्हणजे तुम्ही बरोब्बर त्या सहा दिवसांत सापडता.

शिवाय पिवळ्या तापाच्या देशांतून येणाऱ्यांकडे बार्बाडोसही हे प्रमाणपत्र मागतं. त्रिनिदादहून येणाऱ्यांना एरवी त्यातून सूट आहे, पण तिथे साथ सुरू असेल तर नाही, आणि तुम्ही त्रिनिदादहून पुन्हा बार्बाडोसमध्ये शिरणार आहात.

लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, सरकारने ठरवून दिलेल्या केंद्रांवरच मिळते. एकदा घेतली की जन्मभर चालते, पण प्रमाणपत्र लागू होतं ते दहा दिवसांनी. आणि मुख्य म्हणजे साठीच्या पुढे ती सरसकट देत नाहीत, दुष्परिणामांचा धोका वाढतो. अंड्याची ॲलर्जी असेल तरी अडचण. ह्यांचं वय ६२ लिहिलंय. आधी डॉक्टर, मग तिकीट.

गोदाकाठ

बाई गं! हे ट्रॅव्हलवाल्याला माहीतच नव्हतं. फोन केला तर म्हणतो, "काकू, तुम्ही जास्त वाचता."

ह्यांना सांधेदुखीसाठी प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध चालू आहे. त्याचं काय?

शंखपुष्पी

ताई, ही लस जिवंत विषाणूची आहे, क्षीण केलेला असला तरी जिवंतच. तसलं औषध चालू असताना ती साधारणपणे देत नाहीत. पण निर्णय तुमच्या डॉक्टरांचा, माझा नव्हे. त्यांनी नाही म्हटलं तर एक वाट अशी की वेस्ट इंडिज आधी उरका आणि लेकीकडचे दोन आठवडे शेवटी ठेवा, म्हणजे सहा दिवस आपोआप निघून जातात. तरी त्रिनिदादला साथ असेल तर बार्बाडोसमध्ये पुन्हा शिरण्याचा प्रश्न राहतोच आणि लस न घेता त्रिनिदादच्या डासांत फिरायचं का, हाही.

तळ्यातमळ्यात

विषय गंभीर चाललाय, एक हलकी पण कामाची गोष्ट. काकांकडे ती लष्करी छापाची थ्री-फोर्थ पँट असेल तर घरीच ठेवा. बार्बाडोस, त्रिनिदाद, जमैका या देशांत सैन्यातल्या माणसांशिवाय कुणी तसला छाप घालणं गुन्हा आहे, पोरांनाही सूट नाही. टोपी आणि पिशवीसुद्धा नको. आमच्या ट्रेकिंग ग्रुपातल्या एकाला विमानतळावरच पँट बदलायला लावली.

आणि बार्बाडोसच्या किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, हिरव्या सफरचंदासारखी फळं येतात. हात लावायचा नाही, पावसात खाली उभंही राहायचं नाही, चीक अंगावर पडला तर फोड येतात. बऱ्याच खोडांवर लाल पट्टा रंगवलेला असतो.

बोरकूट

लाडवांचं राहिलं. फॉर्मवर खाण्याच्या वस्तूंची चौकट असते, तिथे "आहे" म्हणून खूण करा. विचारलं तर दाखवा, ठेवून घेतले तर सोडा. ताजी फळं, बिया आणि रोपं मात्र अजिबात नेऊ नका.

गोदाकाठ

डॉक्टरांकडे जाऊन आलो. लस नको म्हणाले, एका वाक्यात. त्यामुळे पोर्ट ऑफ स्पेन गाळलं. कालपासून हे गप्प आहेत. वर्तमानपत्र वाचतात, चहा पितात, बोलत नाहीत. दहाही दिवस बार्बाडोसला काढायचे आहेत, पण "तिथे १९७१ कुठे आहे?" एवढंच म्हणाले.

तळ्यातमळ्यात

काकू, काकांना हे वाचून दाखवा. १९७१ च्या त्याच मालिकेतली चौथी कसोटी ब्रिजटाउनलाच झाली होती, ह्याच केन्सिंग्टन ओव्हलवर. पहिल्या डावात गावसकर एका धावेवर बाद, दुसऱ्या डावात नाबाद ११७ आणि सामना वाचला. तो वाचला म्हणून मालिका हातात राहिली.

गोदाकाठ

वाचून दाखवलं. "नाबाद ११७? बरोबर, बाबा सांगायचे," असं म्हणून माळ्यावरची बॅग काढायला उठले. जानेवारीला अजून तीन महिने आहेत.

आणि हो, ती लष्करी पँट निघाली बॅगेतच. @तळ्यातमळ्यात, मनापासून आभार.